दसऱ्यापर्यंत मिरज

९ जून, सोमवार

मिरजेत आलो. तसा गेल्या अकरा वर्षांत वीस-बावीस वेळा आलोच असेन, पण स्टेशनाबाहेर कधी पडलो नव्हतो. विट्याहून एसटीनं इथं, इथून बेंगलोरची गाडी, तिथं गाडी बदलून कोइमतूर. मिरज म्हणजे फलाटावरचा चहा, बास. आज पहिल्यांदा बॅग घेऊन उलट्या दिशेनं चाललो तर रिक्षावाला म्हणाला, "कुठला दवाखाना?" मिरजेत बॅगवाला माणूस म्हणजे आजारीच असणार. म्हटलं, तंबोरे करतात तिकडं. "मग चालत जावा की, ह्ये काय हितंच."

कारखान्याच्या नबीचाचांनी आधी माझी बोटं बघितली. "जळलीत?" म्हटलं, तेजाबानं. आमचं कोइमतूरला गलाईचं दुकान आहे, जुनं सोनं गाळून चोख करायचं. "मग सोनं सोडून भोपळ्यापाशी काय काम?" जवारी शिकायची आहे, तंबोऱ्याचा झंकार जुळवायला, म्हणालो. "सगळ्यांना जवारीच पाहिजे. बसून करायचं काम ना! भोपळा तासायला कुणी येत नाही." तरी उद्या ये म्हणाले. झाडायला.

एवढ्यानंच इतका आनंद झाला की दुपारी जेवायचं विसरलो.

११ जून

खोली मिळाली. एका घराची माडी, बाकीच्या दोन खोल्यांत पेशंटांचे नातेवाईक. रोज नवी माणसं, तोच डबा, तीच काळजी. मालकीणबाईंनी विचारलं, "तुमचा पेशंट कुठल्या वॉर्डात?" म्हटलं, मीच. त्या हसल्या नाहीत.

घरी सांगून आलोय : दसऱ्यापर्यंत. आमच्या पाळ्या ठरलेल्या. अक्षय तृतीया ते दसरा एक भाऊ दुकानावर, दसरा ते अक्षय तृतीया दुसरा. ज्याची पाळी नाही त्यानं गावी शेत बघायचं, पोरांच्या शाळेत जायचं, लग्नं-बारशी उरकायची. अण्णांनी, आमच्या वडिलांनी, घालून दिलेली पद्धत. आत्ता दादा तिकडे आहे. म्हणजे मला चार महिने मोकळे, आणि शेत बघायला अण्णा आहेत. अण्णा म्हणाले, "मिरजंला जा न्हाईतर काशीला जा. दसऱ्याला गाडीत बस म्हंजे झालं."

मी बसेन असंच म्हणालो. तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

१४ जून

आज लाज गेली.

पाच दिवस झाडतोय. पहिल्या दिवसापासून केर कागदात गुंडाळून कोपऱ्यात ठेवत होतो. हाडाची पूड, लाकडाची पूड, वेगवेगळी. पाच पुड्या झाल्या. चाचांनी आज विचारलं, "हे काय साठवलंस?" म्हटलं केर. "कशाला?"

खरंच, कशाला? गलाईच्या दुकानातला केर कुणी टाकत नाही. जाळायचा, गाळायचा, चिमूटभर तरी सोनं निघतं. हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात ठेवतो आम्ही. अकरा वर्षांत एकदाही केराची सुपली रस्त्यावर उपडी केली नव्हती, हात आपोआप कागद शोधत होता. चाचा इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. मग पाचही पुड्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "जा, उकिरड्यावर टाकून ये. आज तुझा पहिला धडा."

टाकताना हात थोडा अडखळलाच.

१८ जून

चाचांनी विचारलं, जवारीचं खूळ डोक्यात आलं कुठून? सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो.

तिकडे आमच्या दुकानाच्या वर एक बाई राहायच्या, बँकेतल्या साहेबांच्या पत्नी, गाणं शिकवायच्या. दुपारी चारला त्यांचा तंबोरा सुरू व्हायचा, खाली माझी भट्टी. भट्टीचा भाता बंद केला की छतातून तो आवाज यायचा. पहिली दोन वर्षं लक्षच दिलं नाही. मग एके दिवशी तो आवाज बिघडला. काय बिघडलं ते सांगता येईना, पण चोवीस तास दाताखाली खडा आल्यासारखं झालं. शेवटी वर गेलो आणि म्हणालो, बाई, तुमच्या वाद्याला काहीतरी झालंय. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, जवारी उतरली आहे, मलासुद्धा आजच कळलं, तुम्हाला खाली कसं कळलं? दुरुस्तीला कुठं पाठवता म्हटलं तर म्हणाल्या, मिरजेला. तुमच्याच जिल्ह्यात की!

हजार किलोमीटर जाऊन हे कळलं. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून भट्टीपुढं बसलो की कान वर.

चाचा उद्यापासून तारा चढवायला बस म्हणाले.

२२ जून, रविवार

गावी जाऊन आलो. वहिनीला दिवस गेलेत. चौथा संपत आलाय. आईनं सांगितलं, वहिनी आत भाकरी थापत होती. तनूच्या वेळी दादा तिकडे होता, तनू पाच महिन्यांची झाल्यावर त्यानं तिला बघितली. या खेपेला दिवाळीनंतर होईल. म्हणजे दसऱ्याला पाळी बदलली की दादा घरी असेल. सगळ्यांनी हिशेब करून ठेवलाय.

निघताना वहिनी दारापर्यंत आली. "भावजी, शिकताय त्ये चांगलं शिका. माझं काय म्हणणं न्हाई. फकस्त दसऱ्याला ह्यास्नी घरला येऊ द्या."

म्हटलं, तुम्ही काळजी करू नका वहिनी.

५ जुलै

घोडी म्हणजे तारांखालचं ते हाडाचं बुटकं टेबल. वरून सपाट दिसतं. सपाट नसतं. पुढच्या अंगाला किंचित उतार, इतका किंचित की डोळ्यानं दिसत नाही. बोटाच्या टोकाला कळतो, ज्याचं बोट शाबूत आहे त्याला. त्या उतारावर तार घासत घासत सुटते, आणि तो सगळा झंकार त्या घासण्यातून येतो. त्यासाठी कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, परत एकदा फिरवायची. दिवसाला एक घोडी झाली तर खूप.

चाचा मला अजून कानस देत नाहीत. "बोटाला चामडं येऊ दे आधी." रोज खोबरेल लावतोय.

१३ जुलै, रविवार

आईच्या माहेराकडून, वडूजहून, स्थळ आलं होतं. मुलगी बी.एस्सी., तिच्या मामांची दिल्लीत गलाईची दुकानं. सगळं जुळत होतं, तेवढ्यात मुलीच्या चुलत्यांनी मला विचारलं, "सध्या दुकानावर कोण हाय?" म्हटलं दादा आहे, मी मिरजेत तंबोरे लावायला शिकतोय. ते म्हणाले, "म्हंजे इकायचं?" नाही, दुरुस्त करायचं. "कुणाचं?" ज्याचा असेल त्याचा. मग पोहे संपवून गेले. संध्याकाळी फोन, पत्रिका जमत नाही.

अण्णा एवढंच म्हणाले, "खोटं बोलायला काय झालतं रं तुला?" आई मात्र गालात हसत होती. तिला ते चुलते आवडले नसावेत.

२१ जुलै

पाचगणीच्या एका शाळेतून गाण्याचे सर तंबोरा घेऊन आले. जुना, बायकी पट्टीचा, आवाज अजून छान, फक्त तारांनी घोडीवर खाचा पाडल्यात. दमट हवेनं खुंट्या फुगल्यात. पंधरा ऑगस्टला मुलींचं गाणं आहे, त्याआधी हवा म्हणाले. चाचा म्हणाले, बघतो.

मला आज कानस मिळाली. मोडक्या घोड्यांवर सराव. बोटाला आता थोडं कळतं. थोडंच.

२९ जुलै

वाट लावली.

चाचा नात्यात लग्नाला सांगलीला गेले. जाताना सांगून गेले, पाचगणीच्या तंबोऱ्याच्या तारा उतरव, घोडी पुसून ठेव, कानस मी लावीन. तारा उतरवल्या. पुसली. खाचा दिसत होत्या, चार बारीक रेघा. म्हटलं, नुसत्या रेघा काढाव्यात, तेवढंच चाचांचं काम हलकं. काढल्या. मग कडेला जरा उंच वाटलं, ते काढलं. मग डाग. मग पॉलिश पेपर. मला थांबताच येईना. आमच्या धंद्यात थांबतातच कुठं! चोख होईपर्यंत गाळायचं, पुन्हा गाळायचं, झळाळी आली की संपलं. घोडी आरशासारखी झाली. त्यात मला खिडकी दिसत होती. मनातून खूश झालो.

तारा चढवल्या. लाकडाची फळी वाजवावी तसा आवाज. दोन तास तारांखालचा जवारीचा दोरा मागेपुढे सरकवत बसलो. काही नाही. तो आवाज किती वर्षांचा जुना होता कुणास ठाऊक, आणि मी तो एका दुपारी पुसून टाकला.

३० जुलै

पळून जावंसं वाटत होतं. नाही गेलो, एवढंच माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं.

चाचा ओरडले नाहीत. नखानं घोडी चाचपली, खाली ठेवली. म्हणाले, "तारा लाव. बस. वाजव." सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत तोच मेलेला तंबोरा छेडत बसलो. येणारी-जाणारी माणसं बघत होती. मधे एकदा चाचांनी चहा आणून ठेवला. "ऐक नीट. मेल्यावर कसा बोलतो ते कानात राहू दे."

सहाला म्हणाले, "तुमचं काम सगळं काढून टाकायचं. आमचं थोडं ठेवायचं. चार महिन्यांत हे हाताला सांगून होणार नाही." मग म्हणाले, सरांना फोन तू करायचास.

केला. घडलं ते सगळं सांगितलं. सर म्हणाले, "पंधरा ऑगस्ट लक्षात आहे ना?"

४ ऑगस्ट

नवी घोडी. चाचांनी स्वतः कापली, उतार स्वतः दिला. शेवटचा हात माझ्याकडे दिला. "दोन वेळा. तिसऱ्यांदा फिरवलीस तर हात तोडीन."

एकदा फिरवली. तार चढवली. ऐकलं. आवाज अजून थोडा बंद, दबका होता. दुसऱ्यांदा फिरवली, अगदी वारा लागावा इतकी. चढवली.

तिसऱ्यांदा फिरवावीशी वाटली. शपथेवर सांगतो, वाटली. कानस खाली ठेवली आणि तिच्यावर चक्क बसलो.

चाचा आतून म्हणाले, "हां."

९ ऑगस्ट, शनिवार

तंबोरा घेऊन पाचगणी. सांगली-सातारा, सातारा-वाई, मग घाट. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, ह्येला मांडीवर घेताय का टपावर टाकू?" सहा तास मांडीवर. वाईला एक म्हातारी शेजारी बसली, तिनं भोपळ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "आजारी हाय व्हय?" म्हटलं, होता. आता बरा आहे.

पाचगणीत धुकं इतकं की शाळेचं फाटक सापडेना. सरांनी लावला, डोळे मिटून बसले. मी भिंतीकडे बघत होतो. मग म्हणाले, "पहिला आवाज माझ्या सवयीचा होता. याची सवय करून घ्यावी लागेल." चांगलं की वाईट ते विचारायचं धाडस झालं नाही. मग त्यांनी वर्गातल्या मुलींना बोलावलं. त्या सुरात सूर मिळवायला लागल्या आणि एक लहान चणीची मुलगी मधेच थांबून तंबोऱ्याकडे वळून बघायला लागली.

परतीच्या एसटीत वाईपर्यंत रडत होतो. दुःखानं नाही. आपण कशासाठी जन्माला आलो हे एकोणतिसाव्या वर्षी कळलं तर माणूस दुसरं काय करणार?

२८ ऑगस्ट

गणपतीला गावी. दादाचा व्हिडिओ कॉल. तनू फोनपुढं नाचून दाखवत होती, दादा तिकडून "सेरी, सेरी" म्हणत होता. तिकडची सवय, बरं म्हणायचं तर तेच तोंडात येतं. तनूनं विचारलं, सेरी म्हंजे काय गं? वहिनी म्हणाली, "म्हंजे बाबा लांब हायत."

मग दादा माझ्याशी बोलला. "मजा हाय गड्या तुजी. हितं भट्टीम्होरं जीव चाललाय. पस्तीस दिस ऱ्हायलं." दिवस मोजतोय.

मी पण मोजतोय. तो संपावेत म्हणून, मी संपू नयेत म्हणून.

६ सप्टेंबर

चाचांनी आज आपणहून सांगितलं. "कान आहे तुला. हात येतोय. तीन वर्षं बसलास तर होशील."

म्हटलं, चाचा, आमच्या पाळ्या असतात. सहा महिने तिकडे, सहा महिने इथे चालेल का?

माझा उजवा हात घेऊन त्यांनी बोटांची टोकं दाबली. "हे चामडं आलंय तीन महिन्यांत. तेजाबात घातलंस की महिन्याभरात परत लाकूड. मग पुढच्या वर्षी ये, मी परत झाडायला लावीन." हात सोडला. "मी सत्तरच्या पुढं आहे, बाबा. मला दरवर्षी पहिल्यापासून शिकवायला वेळ नाही."

रागावले नव्हते. तेच जास्त लागलं.

७ सप्टेंबर

सगळे मार्ग काढून बघितले. दुकानावर माणूस ठेवायचा? अण्णा म्हणतील, लोक आपलं सोनं आपल्या तोंडाकडं बघून देतात, भाड्याच्या माणसाकडं बघून नाही. खरंच आहे. चुलतभाऊ? त्यांची त्यांची दुकानं, त्यांच्या त्यांच्या पाळ्या. बंद करायचं? त्या दुकानावर अख्खं घर जेवतं. दादानं बायको-पोरांना तिकडे न्यायचं? आईला उठता-बसता आधार लागतो, शेत कोण बघणार, आणि वहिनी आत्ता सातव्यात.

कुठूनही गेलं तरी शेवटी दादापाशीच येऊन थांबतं. मी इथे राहिलो तर तो तिथे.

१४ सप्टेंबर, रविवार

अण्णा आले. दाताच्या दवाखान्याचं निमित्त. दात काही दाखवला नाही.

चाचांनी त्यांना खुर्ची दिली, अण्णा खालीच बसले. दोघांच्या वयात फार फरक नसेल. तासभर दोघं माझं काम बघत बसले. मग अण्णांनी घोडी उचलली, अंगठा फिरवला. त्यांच्या अंगठ्याला काय कळणार, चाळीस वर्षं तेजाब. तरी परत परत फिरवत होते. मग खाली वाकून जमिनीवरची पूड चिमटीत घेतली आणि चाचांना विचारलं, "हा क्येर काय करता वो?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी चाचांकडे. दोघंही फुटलो. अण्णांना काही कळेना, मग तेही हसायला लागले.

स्टँडवर सोडायला गेलो. म्हणाले, "तुजा हात चांगला चालतो. मला त्यातलं काय कळत न्हाई, पर हात कळतो." मग एसटीकडं बघत म्हणाले, "मी एकोणिसाव्या वरसी गेलो. मला कुणी इचारलं न्हवतं, जातूस का म्हणून. म्हणून मीबी तुमाला कवा इचारलं न्हाई. तसंच आसतंय आसं वाटायचं."

मग तुम्ही सांगा, मी काय करू, असं म्हटलं.

"माझं नगो इचारूस. तुज्या भावाला इचार."

एसटी हलली तरी खिडकीतून हात बाहेर होता.

२१ सप्टेंबर, रविवार

वहिनीला सांगितलं. दादाला सांगायच्या आधी तिला सांगणं भाग होतं. ओट्यापाशी उभी होती, पाय सुजलेत. म्हटलं, वहिनी, चाचा तीन वर्षं म्हणतात.

तिनं खाली बसून ताटात तांदूळ निवडायला घेतले, बराच वेळ निवडत होती. मग म्हणाली, "तुमी लबाड असता तर मला लय सोपं गेलं असतं, भावजी. शिव्या तरी दिल्या असत्या."

मी तिच्यासमोर बसून तांदूळ निवडू लागलो. तेवढंच करता आलं.

२४ सप्टेंबर

दादाला फोन केला. सगळं सांगितलं, अडखळत. मागे भाता चालू होता, मग तो बंद झाला. दादा म्हणाला, "सेरी." मग फोन कट झाला. की त्यानं केला. परत लावला, उचलला नाही.

२७ सप्टेंबर

तीन दिवस दादाचा फोन नाही. आईला सुद्धा नाही. काम होत नाही. चाचांनी कानस काढून घेतली आणि भोपळे मोजायला बसवलं.

१ ऑक्टोबर

सकाळी अकराला कारखान्याच्या दारात दादा. खांद्यावर बॅग, दाढी वाढलेली. थेट स्टेशनवरून चालत आला होता. दुकानाला कुलूप लावून. आजवर पाळी बदलताना जाणारा तिकडे पोचल्याशिवाय तिथला निघालेला नाही. बंद दुकान सोडून निघणारा आमच्यात दादाच पहिला.

मी उठलो तर म्हणाला, "बस. चालू दे तुजं." आणि चपला काढून आत येऊन बसला. चाचांना नमस्कार केला. मी एका तंबोऱ्याची जवारी बघत होतो, तोच छेडत राहिलो, दुसरं काही सुचेना. अर्धा तास. दादाचे डोळे मिटले. मला वाटलं ऐकतोय. झोप लागली होती, बसल्या बसल्या. दोन रात्रींचा प्रवास.

चाचा म्हणाले, वाजव तसाच, थांबू नकोस, उठेल.

संध्याकाळच्या एसटीनं दोघं गावी निघालो. तासगावपर्यंत इकडचं-तिकडचं. द्राक्षं, पाऊस, कुणाची सोयरीक. मग मी विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच विचारत होतो, याची माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, दादा, तुला काय व्हायचं होतं?

तो खिडकीबाहेर बघत होता. "मला? काय न्हाई."

काहीतरी असेल की.

"व्हायचं काय न्हवतं रं. घरी ऱ्हायाचं हुतं."

विटा आल्यावर त्याची बॅग मी उचलली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सोनं वाटलं. आपट्याची पानं घेऊन अख्खी गल्ली फिरलो, दादा पुढं, मी मागं. सगळे विचारत होते, "आता कुणाची पाळी?" दादा म्हणायचा, "बघू की." मी पानं पुढं करायचो.

तनू दिवसभर दादाला चिकटून. पहिल्यांदा अर्धा तास दाराआड होती, मग एकदा जी कडेवर बसली ती उतरलीच नाही. दुपारी जेवताना त्याच्या ताटात जेवली. वहिनी वाढताना माझ्याकडे बघत नव्हती. दोन पुरणपोळ्या मात्र मला जास्तीच्या वाढल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी दादानं मळ्यात नेलं. बांधावर बसलो. म्हणाला, "गाडी धा तारखंची हाय. दोन तिकिटं काढल्यात. एक माज्या नावाचं, एक तुज्या. एक रद्द करायचं."

कुणाचं?

"त्ये तू ठरीव."

म्हटलं, तू मोठा आहेस, तू सांग. खरंच तसं वाटत होतं. सांगून टाकावं त्यानं, जा म्हणावं किंवा राहा म्हणावं, मी मान खाली घालून करीन.

"म्हणूनच सांगत न्हाई," दादा म्हणाला. "मी सांगितलं तर तू ऐकशील."

मग उठला आणि पाटाचं पाणी फिरवायला गेला. मी तिथेच बसलो. लांबून त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. घरी असला की गुणगुणतो, बेसूर. तिकडे कधी गुणगुणताना ऐकला नाही.

चाचांना फोन करावासा वाटला, केला नाही. त्यांचं म्हणणं मला माहीत आहे. वहिनीचंही माहीत आहे.

तिकिटं दादानं माझ्या फोनवर पाठवून ठेवलीत. मिरज ते बेंगलोर, डबा एकच, जागा शेजारशेजारच्या. जेवल्यावर परत उघडून बघितली. वेटिंग नाही. दोन्ही पक्की आहेत.